विकत घेतलेली वंशावळ आणि 1809 चं बनावट मृत्युपत्र

ज्यांची लेक किंवा मुलगा अमेरिकेत लग्न करून राहिलाय आणि नातवंडांसाठी तिकडच्या घराण्याची वंशावळ काढायची हौस घरात आहे, त्यांनी हे जरूर वाचावं. माझ्या सासूबाईंना अशा एका ‘वंशावळ-तज्ज्ञा’ने दोन हजार डॉलर्सहून जास्त रकमेला फसवलं.

सासूबाई अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या होम्स काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेतकरी घराण्यातल्या. त्यांचा मूळपुरुष 1830 च्या जनगणनेत तिथे सापडतो. सरकारकडून जमीन घेतल्याचा त्याचा कागदही आहे. 1820 च्या कायद्याने एकरी सव्वा डॉलर दराने किमान 80 एकर घ्यावी लागे, तसलीच ती खरेदी. त्याच्या आधी मात्र सगळा अंधार. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्या सापडतात, तशी सोय या माणसांना नव्हती. ओहायोत काउंटीकडे जन्मनोंदी सुरू झाल्या त्याच मुळी 1867 मध्ये. आईवडील कोण, कुठून आले, हे कळण्याची सासूबाईंना फार आस होती, आणि नेमकी तीच आस त्या माणसाने हेरली.

पैसे आधी घेतले. मग चामडी बांधणीचं जाडजूड पुस्तक आलं. त्यात शंभरेक कागदांचे संदर्भ, आणि बहुतेक सगळे खरे. म्हणूनच संशय येत नाही. खोटी होती ती एकच जोडणी: पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीचं 1809 चं मृत्युपत्र, ज्यात बाप ‘होम्स काउंटीत राहणाऱ्या’ मुलाला वाटा देतो. होम्स काउंटी स्थापन झाली 1824 मध्ये! मरणाऱ्या माणसाला पंधरा वर्षांनंतरचं नाव कुठून ठाऊक असणार? मृत्युपत्र नोंदवहीच्या कोणत्या खंडात, कोणत्या पानावर, याचा क्रमांक नाही. लँकेस्टरच्या सूचीत आम्ही शोधलं, तिथे ते नाहीच.

दुसरी खूणही पुस्तकातच होती. 1830 च्या जनगणनेतून पत्नीचं आणि मुलांचं नाव काढल्याचं त्यात लिहिलंय. 1850 च्या आधीच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, बाकीच्यांची वयोगटाप्रमाणे नुसती संख्या. घरातल्या कोणाचं कुटुंबप्रमुखाशी काय नातं, हा रकाना तर 1880 मध्ये आला. म्हणजे ती सगळी नावं रचलेली.

हा धंदा जुना आहे. गुस्ताव्ह आंजू नावाचा, 1942 मध्ये वारलेला एक इसम न्यूयॉर्कच्या श्रीमंतांना याच पद्धतीने वंशावळी विकायचा: खऱ्या दाखल्यांच्या ढिगात मोक्याच्या जागी एखादा कल्पित कागद. त्याच्या वंशावळी आजही लोक खऱ्या समजून उतरवून घेतात. आमच्या पुस्तकातही शेवटी ‘घराण्याचं मानचिन्ह’ (कोट ऑफ आर्म्स, ढालीवरचं चिन्ह) रंगवून दिलं होतं. इंग्लंडच्या परंपरेत मानचिन्ह व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही, त्यामुळे नुसत्या आडनावावरून मानचिन्ह कोणी विकत असेल तर तिथेच उठावं.

माझं कळकळीने सांगणं आहे की पैसे देण्याआधी एक नमुना-पिढी मागा. मुलगा याच बापाचा, हे कोणत्या कागदावरून ठरलं, तो कागद कोणत्या कचेरीत, कोणत्या खंडात, कोणत्या पानावर, आणि त्याची प्रत. द्यायला टाळाटाळ झाली की व्यवहार थांबवा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर पुष्कळ कागद फुकट पाहता येतात, जुन्या सरकारी जमीनवाटपाचे दाखले ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या अमेरिकी सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर आहेत. बाकीचं त्या त्या काउंटीच्या कोर्टात: खरेदीखतं, करयाद्या, मृत्युपत्रं. आणि काउंटी कधी, कुणातून फुटून झाली ते आधी बघा. 1824 पूर्वीचे होम्सचे कागद कोशॉक्टन, वेन आणि टस्करावस या काउंट्यांत शोधावे लागतात. ते काम आम्ही आता स्वतः सुरू केलंय.

त्या माणसाने ईमेलला उत्तर देणं बंद केलं आहे. राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार दिली आहे. तोवर एक वाईट गोष्ट घडली: सासूबाईंच्या चुलत भावंडांनी ते खोटं मृत्युपत्र आपापल्या ऑनलाइन वंशावळींत चढवलं. एकेकाला फोन करून ते काढायला लावतो आहोत.