सुरतचा इंग्रज वखार हेरिटेज वॉक: कबरी दाखवतात, वशिला मात्र तुमचा तुम्हीच शोधा

पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार माइकचा कापला आणि एक कापला तो गाइडनं सगळ्यात रंगतदार भाग पाच मिनिटांत उरकला म्हणून. बाकी वॉक करण्यासारखा आहे, मुंबईकरांनी तर नक्कीच, कारण मुंबईचे सुरवातीचे ईस्ट इंडिया कंपनीवाले साहेब सगळे सुरतेच्या वखारीतनंच आलेत आणि त्यातले काही तिथेच पुरलेत. आयोजकांचं नाव टाकत नाही, तक्रारी त्यांना मेलवर कळवल्यात, उगाच चव्हाट्यावर कशाला.

आदल्या संध्याकाळी फ्लाइंग राणी पकडायची, रात्री मुक्काम, सकाळी सातला तापीकाठच्या किल्ल्यापाशी जमायचं. माणशी सहाशे, त्यात मधली रिक्षा आणि शेवटचा लोचो (सुरती नाश्ता) धरून, म्हणजे महाग नाही. किल्ल्यात म्युझियम आहे ते वॉकमध्ये येत नाही, वेगळा वेळ काढा. मग मोगलसराई, जिथे आता महानगरपालिका बसते, आणि तिथनं जुन्या गल्ल्या. वखारीचं आज बघण्यासारखं काही उरलेलं नाही त्यामुळे गाइड टॅबवर जुनं चित्र दाखवतो आणि इथे साहेब लोक एकत्र जेवायचे, इथे प्रार्थना व्हायची वगैरे सांगतो. पोरगा चांगला आहे, हिंदी स्वच्छ, गर्दीत कुणी मागे राहिलं तर थांबतो. पण पंचवीस माणसं आणि कमरेला लावलेला तो खरखरणारा स्पीकर, मागच्यांना अर्धंच ऐकू येतं.

इथे त्यानं एक चांगला मुद्दा काढला आणि लगेच सोडूनही दिला. म्हणाला, नवीन आलेल्या इंग्रज कारकुनाचा पगार वर्षाला १० पौंड. सगळे हसले. तेव्हाच्या भावानं ऐंशीएक रुपये वर्षाचे! राहणं-खाणं कंपनीकडे होतं हे खरं, पण ऐंशी रुपयांसाठी कोण सात समुद्र ओलांडून, निम्मे लोक तापानं मरतात अशा गावात येईल? त्याचं उत्तर म्हणजेच अख्खी कंपनी आहे हो. मला वाटलं आता सांगेल, तर तो म्हणाला चलो आगे.

म्हणून मीच लिहिते. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा सर्जन १६७० च्या दशकात मुंबई-सुरतेत होता, जुन्नरपर्यंतही जाऊन आला होता, त्यानं ही सगळी उतरंड लिहून ठेवलीय. रायटर म्हणजे कारकून पाच वर्षं १० पौंडांवर, मग फॅक्टर, म्हणजे कंपनीसाठी खरेदी-विक्री बघणारा, झाला की २०, पुढे मर्चंट झाल्यावर ४०. आणि वर कसं चढायचं तर ज्येष्ठतेनं किंवा मर्जीनं, असं त्यानं सरळ लिहिलंय, आडपडदा नाही. त्यातली खरी गंमत जामिनाची. १० पौंड पगाराच्या पोराला चांगल्या वागणुकीसाठी ५०० पौंडांचं बंधपत्र द्यायला लागायचं, फॅक्टरला १०००. म्हणजे पन्नास वर्षांचा पगार! हे कोण भरणार? तर लंडनमधला काका, मामा, बापाचा व्यापारी दोस्त, कुणीतरी जामीन राहणार. त्यामुळे ज्याच्या मागे कुणी नाही तो दारातच अडायचा. आधी कंपनीच्या संचालकांकडे अर्ज, अर्जावर कुणाची शिफारस, शिफारशीमागे कुणाचे तरी शेअर, आणि मग जामीन. कमाई पगारातनं नव्हतीच, ती खासगी व्यापारात होती, सुरतेहून इराण, अरबस्तान, पूर्वेकडची बंदरं, असा आशियातल्या आशियात स्वतःचा माल फिरवायचा. त्याला भांडवल पाहिजे, ते पुन्हा घरच्यांकडनं नाहीतर सुरतेच्या सावकारांकडनं. वीरजी व्होरासारखा माणूस तर कंपनीलाही कर्ज द्यायचा.

आता कतारगाम दरवाजाचं इंग्रज कब्रस्तान. खरं तर एवढ्यासाठीच जा. लांबनं बघितलं तर मुसलमान अमीर-उमरावांचे मकबरे वाटतात, घुमट, खांब, जिने, आणि जवळ गेल्यावर लॅटिन पाटी. सगळ्यात मोठा तो ऑक्झेंडन बंधूंचा, दुमजली, साधारण ४० फूट उंच. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये गेला, थोरला सर जॉर्ज १६६९ मध्ये. ख्रिस्तोफरची पाटी गाइडनं वाचलीच नाही, म्हणे लॅटिन आहे. अरे बाबा, त्याचा अर्थ सगळीकडे छापलेला आहे, आणि तो अर्थच तर सोनं आहे! पाटी चक्क खातेवहीच्या भाषेत आहे. हिशेबनिसालाच मरणानं हिशेबाला बोलावलं म्हणून त्यानं वर्षं नाही, दिवस मोजले. मग मालकांनाच उद्देशून, तुमचा नफा किती आणि तोटा किती विचारता? तुमच्या पदरी दुःख आलं, त्याचा जीव गेला, पण समोरच्या बाजूला तो लिहील की मरण हाच माझा लाभ. मेलेल्या भावाची जमा-खर्च मांडणी! कबरीवर सुद्धा मालकांना उत्तर द्यायचंय. मी तिथे उभी राहून हे शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमचे सासरे गेले तेव्हा पण पहिली वहीच उघडली होती.

जॉर्ज ऑक्झेंडन हा केंटमधल्या बड्या जमीनदार घरातला. १६६१ मध्ये राजाकडनं सर झाला, १६६२ मध्ये सुरतेचा प्रेसिडेंट, म्हणजे वखारीचा प्रमुख. १६६८ मध्ये मुंबई बेट राजानं कंपनीला वर्षाला १० पौंड भाड्यानं दिलं तेव्हा त्याचा कारभारही याच्याकडेच आला. (हो, रायटरचा पगार आणि आख्ख्या मुंबईचं भाडं सारखंच. हे गाइडला सुचलं असतं तर काय टाळ्या पडल्या असत्या.) त्याचा खासगी पत्रव्यवहार लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तेव्हाच्या अशा पत्रांचा साचा ठरलेला, माझ्या मुलाला तुमच्या पंखाखाली घ्या, अमक्याचं उरलेलं येणं वसूल करून पाठवा, आणि उलट इकडनं जाणार छींट, गोधड्या, लोणची, अरक, असलं काही ना काही. कंपनीची जहाजं वर्षातनं एकदा निघायची. आज पत्र टाकलं तर उत्तर यायला वर्ष-दीड वर्ष. अशा वेळी सुरतेत बसलेल्या माणसानं आपले पैसे बुडवले तर लंडनवाला काय करणार, कोर्टात जाऊन उभं राहीपर्यंत तो मेलेला असेल. मग विश्वास कुणावर, तर ज्याची आई आपल्याला माहितीय त्याच्यावर. आपण याला सरसकट भ्रष्टाचार म्हणून मोकळे होतो, मला ते पटत नाही, निदान पहिल्या पन्नास-साठ वर्षांसाठी तरी नाही, नातं हेच तारण होतं.

आणि तारण कधीकधी खणखणीत निघायचं. १६५६ मध्ये जॉर्जमामाबरोबर एक पंधरा वर्षांचा पोरगा सुरतेला आला, स्ट्रेनशॅम मास्टर, बहिणीचा मुलगा. शुद्ध वशिला, दुसरं काही नाही. ऑक्टोबर १६७० मध्ये महाराजांनी सुरतेवर दुसऱ्यांदा स्वारी केली तेव्हा मामा वारलेला होता, नवा प्रेसिडेंट जेराल्ड ऑंजियर सुरतेजवळच्या सुवालीच्या बंदरात, आणि मूठभर खलाशी घेऊन वखार राखायला गेला तो हा भाचा. वखार वाचली, कंपनीनं सोन्याचं पदक दिलं. पुढे १६७८ मध्ये मद्रासचा प्रमुख झाला. पण लंडनमध्ये कंपनीच्या संचालकांतल्या जोसाया चाइल्डचा जोर वाढला आणि १६८१ मध्ये याला काढून टाकलं. मामाच्या नावावर आत येता येतं, टिकायला मात्र मुख्यालयात त्या घडीला वजन असलेला माणूस लागतो. चाइल्ड तर त्याच काळात खुद्द राजालाच दरसाल १०,००० गिनींची भेट चढवायला लागला होता, म्हणजे बघा खाली कारकुनापासनं वर सिंहासनापर्यंत एकच पद्धत.

महाराजांच्या स्वाऱ्यांचा विषय आला तसा गाइड जरा चाचरला, ग्रुपमध्ये आम्ही मराठी बरेच होतो ना. दोन मिनिटांत गुंडाळलं त्यानं. घाबरायचं काय त्यात? उलट जानेवारी १६६४ च्या पहिल्या स्वारीनंतरचा प्रसंग याच विषयाचा आहे. सुभेदार किल्ल्यात लपून बसलेला, इंग्रजांनी वखार राखली, मग मोगलांकडनं ऑक्झेंडनला घोडा, तलवार आणि वस्त्रं देऊ केली जातात. ऑक्झेंडन काय म्हणाला असेल, तर हे शिपायाला शोभतं, आम्ही व्यापारी, आम्हाला बादशहाकडनं व्यापारात मेहेरबानी पाहिजे. वखारीच्या पत्रात हे लिहून ठेवलंय. मानाचं वस्त्र नको, जकातीत सूट द्या! त्याआधीचा कंपनीचा कप्तान हॉकिन्स बघा, १६०८ मध्ये सुरतेला उतरला, आग्र्याला गेला, तुर्की बोलता येतं म्हणून जहांगीरचा लाडका झाला, ४०० स्वारांची मनसब आणि आर्मेनियन बायको घेऊन बसला, आणि व्यापाराची सवलत? ती काही टिकली नाही. पन्नास वर्षांत इंग्रज काय शिकले ते या दोघांत दिसतं.

रायगडाचं मात्र गाइडनं नावही काढलं नाही, आणि तिथे मला राग आला. १६७४ च्या राज्याभिषेकाला मुंबईहून गेलेला हेन्री ऑक्झेंडन याच भावकीतला की! दरबारात गर्दी एवढी की हे लांब उभे, तेव्हा दुभाष्या नारायण शेणव्यानं नजराण्याची हिऱ्याची अंगठी हातात उंच धरली, महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांना पुढे बोलावलं. शिवाय कारभाऱ्यांपैकी कुणाला काय नजराणा द्यायचा याचा सल्लाही इंग्रजांना तिथलीच मंडळी देत होती. मामा-काकाच्या नावानं हिंदुस्थानात आलेल्या साहेबाला आमच्याकडे मात्र रांगेत उभं राहून, आमच्याच माणसाकरवी अंगठी दाखवायला लागली. सुरतेत उभं राहून ही गोष्ट सांगायची नाही तर कुठे सांगायची?

जेराल्ड ऑंजियरही याच कब्रस्तानात, १६७७ मध्ये सुरतेतच गेला. मुंबई वसवली म्हणून आपण ज्याचं नाव घेतो तो. त्याचा भाऊ आयर्लंडमधला लॉर्ड, म्हणजे इथेही घराणं तगडं. इथे मात्र गाइड छान बोलला, भीमजी पारेखची गोष्ट जोडून. भीमजी कंपनीचा दलाल, १६७० च्या दशकात त्यानं छापखान्यासाठी इंग्लंडहून माणूस मागवला, आणि त्याचं वजन एवढं की कंपनीनं खरोखर पाठवला! पुढे त्यालाही सोन्याचं पदक. दलाली पारेखांच्या घरात, प्रेसिडेंटपद ऑक्झेंडनांच्या घरात, दोन्हीकडे एकच रीत, म्हणूनच त्यांचं जमलं असणार असं मला वाटतं.

एक दुरुस्ती आयोजकांनी करावीच. गाइड सांगतो की पुढे सुरतेचा प्रेसिडेंट झालेला जॉन चाइल्ड हा लंडनच्या जोसायाचा सख्खा भाऊ. जुन्या पुस्तकांत तसं आहे खरं, पण तसं नव्हतं हे नंतर दाखवून दिलेलं आहे. जॉनची स्वतःची गोष्ट पुरेशी चटकदार आहे की, लहानपणी आपल्या राजापूरच्या वखारीत मामाकडे राहायला आला आणि मोठा झाल्यावर त्याच मामाची लबाडी उघडी करून त्याची जागा घेतली अशी कथा सांगतात. लग्न केलं ते मुंबईच्या डेप्युटी गव्हर्नर शॅक्स्टनच्या मुलीशी. आणि शेवटी औरंगजेबाशी भांडण ओढवून घेतलं, जंजिऱ्याचा सिद्दी याकूत मुंबईत घुसून बसला, कंपनीला दीड लाखाचा दंड. १६९० मध्ये तो मेला तेव्हा लंडनमध्ये फार कुणी रडलं नसेल.

डच कब्रस्तान शेवटी धावतपळत दाखवतात, ऊन चढलेलं असतं, लोकांचं लक्ष लोचोकडे. डच कंपनीचा बडा अधिकारी वान रीड, त्याची कबर ऑक्झेंडनांपेक्षाही टोलेजंग आहे, तिथे दहा मिनिटं तरी द्या. टोपी न्या, मुलं बारा वर्षांपेक्षा लहान असतील तर कंटाळतील. हिवाळ्यात गेलात तर पोंक (ज्वारीचा हुरडा) मिळेल, त्यासाठी वॉकनंतरचं जेवण हॉटेलात बुक करू नका. आणि बुकिंग करताना मेसेजमध्ये आधीच लिहा की ख्रिस्तोफरची पाटी पूर्ण वाचून दाखवा, पोराला तयारीला वेळ मिळेल.