सायकलचं काम एक नंबर, पण वेळ काढून जा (४ स्टार)

पन्हाळ्याच्या चढाला मागचा गिअर सारखा उड्या मारायला लागलेला म्हणून कोल्हापुरात गंगावेशीजवळच्या या बारक्या दुकानात सायकल टाकली. दुसरीकडं मला मागचा अख्खा सेट बदला म्हणून सांगितलेलं. इथल्या मामांनी पट्टी लावून चेन मापली, म्हणाले चेन वाढलीय, बाकी कशाला हात लावू नकोस. नुसती चेन बदलली, रिमचा आऊट (डुगडुगणारा वाकडेपणा) काढला, साडेनऊशे झाले आणि गिअर आता लोण्यासारखा पडतोय. शनिवारी देतो म्हणाले अन् मिळाली सोमवारी, एक स्टार त्याचाच कापलाय.

उशीर का होतो तेपण कळलं. मी सहज विचारलं, मामा आपल्याकडं एवढे घाट, मग टूर डी फ्रान्सला, त्या फ्रान्सच्या मोठ्या सायकल रेसला, आपला एक पोरगा का नाही वं? झालं, पाना खाली. म्हणाले घाटानं होत असतं तर डेन्मार्कच्या विंगेगार्डनं २०२२ आणि २०२३ ला टूर कशी मारली, तो देश तर सपाट. उंचीचा फायदा असतो, २०१९ चा विजेता बर्नाल कोलंबियात २६०० मीटरवरच्या गावचा, पण नुसत्या उंचीवर भागत असतं तर लडाखची पोरं कधीच तिथं दिसली असती. अन् स्लोव्हेनिया? साधारण २१ लाखांचा देश, आपला जिल्हाच २०११ ला ३८ लाखांवर होता, तरी त्यांच्या पोगाचारनं २०२० ते २०२५ मध्ये चार टूर मारल्या.

मामांचं उत्तर म्हणजे बेल्जियम. तिथं गावच्या जत्रेला गावातल्याच रस्त्यावर फेऱ्या मारत रेस लावतात, केर्मेस म्हणतात त्याला. 'आपल्या जत्रेतल्या कुस्तीवानीच की रं, बारकं पोरगं आधी रेवड्यांच्या बक्षिसावर लढतंय, मग शेकड्याच्या, असं करत खासबागेच्या मोठ्या मैदानात येतंय.' बेल्जियमच्या मर्क्सच्या पाच टूर अशाच मातीतनं आल्या म्हणे. मी म्हटलं पैशाचं काय, रोड बाईक लाखाच्या घरात जाते, तर म्हणाले एरिट्रिया कुठं श्रीमंत आहे, पण इटालियन लोकांच्या राजवटीपासनं सायकलचा नाद, म्हणून तर त्यांच्या गिरमायनं २०२४ च्या टूरला तीन स्टेज (एकेका दिवसाच्या रेस) जिंकून सगळ्यात जास्त पॉइंटवाल्याची हिरवी जर्सी नेली. मला पैशाचं अजूनही पूर्ण पटलेलं नाही, पण यावर बोलायला सुचेना.

तोवर माझी सायकल उलटीच. जायच्या आधी फोन करा, रोख पैसे न्या, अन् घाईत असाल तर सायकलिंगचा विषय काढू नका.