‘मी पण कोकणातलाच’ म्हणाला आणि माझे ३६,६५० रुपये घेऊन गेला

ज्यांना जुन्या ॲनिमेशनची ओरिजिनल ड्रॉइंग्ज, सेल (चित्र उतरवून रंगवायचे पारदर्शक प्लास्टिकचे कागद), जपानी आर्ट बुकं असलं जमवायचा नाद आहे त्यांनी हे पूर्ण वाचा. बाकीच्यांनीही वाचा, कारण पद्धत तीच असते जी तुम्हाला माहितीये, आधी ॲडव्हान्स, मग उरलेले, मग कस्टम, फक्त वस्तू बदलते.

हिशेब आधी सांगते. ड्रॉइंगचे २४,०००, दोन आर्ट बुकांचे ५,८००, कस्टमचे म्हणून ४,६५० आणि इन्शुरन्सचे म्हणून २,२००, जे परत मिळणार होते म्हणे. एकूण ३६,६५०. मे महिन्यात आमच्या होमस्टेवर पाहुण्यांसाठी पहाटेपासून घावने आणि आंबोळ्या घालून कमावलेले पैसे आहेत हे, कोणाकडे मागितलेले नाहीत. हे मुद्दाम लिहिते कारण वाडीत जो तो मला ‘कागदाला एवढे पैसे?’ हेच ऐकवतोय.

हो, कागदालाच. युगो साको आणि आपले राम मोहन यांचा तो भारत-जपानचा रामायणाचा ॲनिमेशन सिनेमा लहानपणी टीव्हीवर बघितलेल्यांना कळेल मी काय म्हणते ते. त्या काळी कॉम्प्युटर नाही, प्रत्येक हालचाल आधी पेन्सिलने कागदावर, मग सेलवर उतरवायची, सेलच्या मागच्या बाजूने रंग भरायचा, आणि पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम. म्हणजे एका सिनेमाची हजारो ड्रॉइंग्ज निघतात, त्यातली काही बाजारात येतात, हे खोटं नाहीये. त्यातलं एक तरी आपल्या भिंतीवर असावं ही माझी कितीतरी वर्षांची इच्छा. २४ जानेवारी २०२५ ला तो सिनेमा पुन्हा थेटरात लागला आणि त्यानंतर मला ‘ओरिजिनल की-ड्रॉइंग’ (key drawing, म्हणजे हालचालीतलं मुख्य चित्र) विकणाऱ्यांच्या पोस्ट जास्तच दिसायला लागल्या. त्यातलाच हा एक.

पहिल्याच मेसेजला मला ताई म्हणाला. माझ्या प्रोफाइलवर समुद्राचे फोटो बघून ‘मी पण कोकणातलाच, मालवणचा’ म्हणाला, फोनवर मालवणी बोलला, माशांचं बोलला, गणपतीला गावी येतो का विचारलं तर म्हणाला येतोच, तुमच्याकडे चहाला येईन. त्याचा मित्र म्हणे जपानला असतो, तो तिथल्या दुकानांतून माल काढतो. आपल्या भाषेत, आपल्या माणसासारखं कोणी एवढं बोललं तर आपण काय आधार कार्ड मागतो का? आता म्हणते मागा. तोंडावर मागा. राग आला त्याला तर येऊ दे.

आता तो क्षण सांगते जो आठवला की अजून झोप येत नाही. त्याने व्हिडिओ पाठवला, ड्रॉइंग फ्रेममध्ये, चारी बाजूंनी जाड माउंट, म्हणजे चित्राची कड झाकणारी पुठ्ठ्याची चौकट. ॲनिमेशनच्या कागदाला एका कडेला भोकं असतात, मध्ये एक गोल आणि दोन बाजूंना दोन लांबट, त्या खुंट्यांवर कागद बसवून एकावर एक चित्रं काढतात. मला हे माहीत होतं. मी विचारलंसुद्धा, भोकांची कड दाखवा. तर म्हणाला ताई, माउंट उघडला तर कागद फाटेल, तीस वर्षांचा कागद आहे, ओरिजिनल आहे म्हणूनच भीती वाटते. आणि मी ‘बरं’ लिहिलं. बरं! तिथेच फोन ठेवायला हवा होता. पण मला सांगा, हे कारण खोटं वाटण्यासारखं होतं का? आमच्या खाऱ्या हवेत जुन्या दिवाळी अंकांची पानं हातात तुटतात, कागद किती नाजूक होतो हे मी रोज बघते, आणि त्याने नेमकं तेच कारण दिलं जे माझ्यासारखीला पटणारच. त्याला बरोबर ठाऊक होतं कोणाला काय सांगायचं. जो माणूस भोकांची कड, मागची बाजू आणि तिरक्या उजेडातला फोटो देत नाही त्याला एक रुपया देऊ नका, कारण काहीही असो.

आधी १२,००० दिले, ‘माल निघाला’ म्हटल्यावर बाकीचे १२,००० आणि पुस्तकांचे ५,८००, मग मुंबईला अडकलाय म्हणून कस्टम. बाहेरून आलेल्या पार्सलवर ड्युटी लागली तर ती पोस्टाला किंवा कुरियरला भरायची असते आणि त्याची पावती मिळते, विकणाऱ्याच्या खासगी यूपीआयवर कधीच नाही. हे मला नंतर पोस्टमन काकांनी सांगितलं. आधी विचारायला हवं होतं असं कोणी म्हणू नये, घरात पाहुणे भरलेले असताना माणूस सगळं कुठे विचारत बसतो.

पार्सल आलं ऐन पावसात. त्यावर जपानचा एकही शिक्का नाही, साधं देशातलं कुरियर. म्हणजे ज्या पार्सलने समुद्र ओलांडलाच नाही त्याचं कस्टम मी भरलं होतं. माउंट उघडला तर वर दोन गोल भोकं, ऑफिसच्या फायलीला पाडतात ती. कागदाला चहाचा वास, डाग मध्येच कुठेतरी, जुना कागद बहुधा कडेकडून पिवळा पडत आत येतो. भिंग लावलं तर पेन्सिलच्या रेघेत रंगीत बारीक ठिपके, म्हणजे सरळ प्रिंट. खरी पेन्सिल उजेडात चमकते, मागून बोट फिरवलं तर दाब लागतो, सावलीच्या हद्दीला लाल-निळ्या पेन्सिलच्या रेघा असतात. इथे सगळं गुळगुळीत. आर्ट बुकंही पायरेटेड, रंग मळकट, आणि जपानी पुस्तकात शेवटी छपाईची तारीख आणि कितवी छपाई ते सांगणारं पान असतं ते गायब. पुस्तक घेताना त्या पानाचा फोटो आधी मागा, कव्हरचा नको.

मेसेज केला तर ब्लॉक.

मग पोलीस. ठाण्यात मला सांगतात, ‘ताई, वस्तू मिळाली ना हातात? मग फसवणूक कसली, हा तुमचा आपसातला व्यवहार.’ मी भिंग घेऊन गेले होते, दाखवते म्हटलं, कोणी डोकावूनही बघितलं नाही. एक जण हसला, कार्टूनसाठी चोवीस हजार म्हणून. दुसऱ्याने सांगितलं समोरच्याचं अकाउंट परराज्यातलं दिसतंय, तिकडे जाऊन तक्रार द्या. मी तिकडे जाऊ? होमस्टे कोण बघणार? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची, आणि फसवणुकीचं कलम ३१८ आहे न्याय संहितेत. हे मी त्यांना वाचून दाखवलं तर म्हणे मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका. साहेब आल्यावर या, साहेब मीटिंगला, साहेब बंदोबस्ताला. अर्ज घेतला तो साध्या कागदावर, पोच द्यायलासुद्धा कुरकुर. बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. अहो मग तक्रारीचा कागद घेता कशाला? तो नंबर, ते अकाउंट, सगळं मी छापून नेलं होतं, एका फोनवर अकाउंट गोठवता आलं असतं. माझ्या जागी कोणाची सोन्याची चेन गेली असती तर असेच हसले असते का?

तुमच्याबाबतीत झालं तर ठाण्यात जाण्याआधी त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पुढच्या अकाउंटला जायच्या आत. चॅट डिलीट करू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, कुरियरच्या लेबलासकट. आणि ‘आज नाही घेतलं तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’ म्हणाला की म्हणा, दे त्याला.

परवापासून तोच व्हिडिओ दाखवून तो दुसऱ्या नावाने पुन्हा विकायला लागलाय, भाव आता २८,०००. तपकिरी लाकडी फ्रेम आहे, डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात टवका उडालेला. पैसे पाठवले असतील कोणी तर आत्ताच फोन लावा, आणि स्क्रीनशॉट मला द्या, अर्जाला जोडायला मला अजून एक तरी माणूस हवाय.