फ्रिकली अ‍ॅथलेटिकचा शनिवारचा सामना : यॉर्कशरच्या एका खाणगावातील दुपार

मुलाबाळांकडे इंग्लंडमधील लीड्सला जाणाऱ्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील आईवडिलांची संख्या आता बरीच वाढली आहे आणि त्यांचे तिथले शनिवार बहुधा यॉर्कचे चर्च, हॅरोगेटचा चहा आणि मॉल यांतच संपतात. त्यांनी एक शनिवार राखून ठेवून साउथ एल्मसॉल या गावी फ्रिकली अ‍ॅथलेटिक या स्थानिक फुटबॉल क्लबचा दुपारी तीनचा सामना पाहावा, असे मी आग्रहाने सुचवेन. हे गाव कोळशाच्या खाणीभोवती वाढले; मात्र खाण पाहायला मिळेल या आशेने कोणी जाऊ नये.

लीड्सहून डॉनकास्टरकडे जाणारी, लहान स्थानके घेत जाणारी गाडी पकडावी. वेकफील्डनंतर थोड्याच वेळात फिट्झविल्यम हे स्थानक लागते. इंग्लंडचे क्रिकेटपटू जेफ्री बॉयकॉट याच गावचे, १९४० साली एका खाणकामगाराच्या घरी जन्मलेले; त्यांच्या समालोचनातला तो ठसकेबाज, कोणाचीही भीड न बाळगणारा स्वर कुठल्या मातीतून आला, हे खिडकीतून बाहेर पाहताना थोडेफार उमगते. पुढचेच स्थानक साउथ एल्मसॉल. हा लोहमार्ग १८६६ सालचा आहे आणि गावाला लागूनच असलेल्या मूरथॉर्प स्थानकाचा मार्ग १८७९ सालचा. म्हणजे १९०३ मध्ये फ्रिकली खाणीचे खोदकाम सुरू झाले आणि १९०५ मध्ये बार्नस्ली नावाच्या थरातला कोळसा हाती लागला, तेव्हा माल बाहेर नेण्याची सोय आधीपासूनच दाराशी होती. आज लंडनच्या जलद गाड्या या स्थानकावरून न थांबता धडधडत निघून जातात.

खाण १९९३ मध्ये बंद झाली. जिथे दगडमातीचे ढीग होते, तिथे आता गवत आणि झाडे असलेले उद्यान आहे. कामगारांना खाली-वर नेणारा पाळणा ओढणारे उंच चाक नाही, शेड नाहीत, आणि माहिती नसलेला माणूस इथून कुत्रा फिरवत सहज निघून जाईल. ज्यांना खरोखर जमिनीखाली उतरायचे आहे, त्यांनी वेकफील्डजवळच्या कॅपहाउस येथील राष्ट्रीय कोळसा खाण संग्रहालयात जावे. तिथे पूर्वीचे खाणकामगार स्वतः १४० मीटर खाली नेतात. घड्याळ, मोबाइल यांसारख्या बॅटरीवर चालणाऱ्या वस्तू वरच ठेवाव्या लागतात, आणि काही ठिकाणी वाकून चालावे लागते, हे गुडघेदुखीवाल्यांनी ध्यानात घ्यावे.

साउथ एल्मसॉलमध्ये खाणीचे जे जिवंत उरले आहे, ते वेस्टफील्ड लेनच्या मैदानावर आहे. क्लब १९१० साली फ्रिकली कॉलिअरी या नावाने स्थापन झाला. ‘अ‍ॅथलेटिक’ हे नाव बरेच नंतर आले. त्याच्या इतिहासातला एक योग मला सर्वांत विलक्षण वाटतो. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर खाणकामगारांचा संप चालला, घराघरांतला पगार बंद पडला, शेवटी संघटनेला काही पदरात न पडता कामावर परतावे लागले. आणि त्यानंतर लगेच ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या १९८५-८६ च्या हंगामात हाच संघ इंग्लंडच्या मुख्य फुटबॉल लीगबाहेरच्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत दुसरा आला. त्याच हंगामात तो एफए कप या लहानमोठ्या सर्व क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीपर्यंत पोचला, म्हणजे जिथून देशातले बडे क्लब स्पर्धेत उतरतात तिथपर्यंत, आणि रॉदरहॅम युनायटेडकडून ३-१ ने हरला. आज क्लब उतरंडीत पुष्कळ खाली आहे.

दूरदर्शनवर प्रीमियर लीग पाहणाऱ्याला इथला खेळ राकट वाटेल. चेंडू जमिनीपेक्षा हवेत अधिक असतो. पण कठड्याला टेकून उभे राहिले की मैदानाची रेषा हातभर अंतरावर असते, गोलरक्षक बचावपटूंना काय सुनावतो ते शब्दन् शब्द ऐकू येते, आणि पंचालाही प्रेक्षकांतले टोमणे ऐकावेच लागतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर गृहस्थांच्या मनगटावर आणि बोटांच्या पेरांवर निळसर रेघा होत्या. खरचटलेल्या जागी कोळशाची भुकटी शिरली आणि वरून कातडी धरली की असा निळा व्रण कायमचा राहतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे ओतीव लोखंडाच्या कारखान्यात, माझी उभी हयात गेली असल्याने हे ओळखायला वेळ लागला नाही. वितळलेल्या लोखंडाच्या रसाच्या ठिणग्यांचे डाग मी माझ्या हातावर दाखवले, आणि मध्यंतरापर्यंत आमचे बोलणे हार्ड कोक, म्हणजे भट्टीत जाळायचा भाजलेला कोळसा, आणि लोखंड वितळवायची कुपोला भट्टी यांवरच चालले. सामन्याकडे त्यांचे लक्ष माझ्यापेक्षा जास्त होते, हेही सांगितले पाहिजे.

एक तक्रार आहे, पण ती क्लबविषयी नाही. परतीची गाडी ऐनवेळी रद्द झाली आणि फलाटावर त्याची धड सूचनाही मिळाली नाही. अशा वेळी ताटकळत बसू नये. मूरथॉर्प स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि तिथूनही लीड्सची गाडी मिळते.

स्वेटरवर वारा अडवणारे जाकीट हवेच, कारण उघड्या मैदानावर दोन तास उभे राहायचे असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडची बहुतेक मंडळी थंडी टाळायची म्हणून मे-जूनमध्ये जातात, आणि नेमका त्याच काळात फुटबॉलचा हंगाम बंद असतो. विमानाचे तिकीट काढतानाच ऑगस्टनंतरची तारीख घ्यावी, आणि त्या शनिवारचा सामना घरच्या मैदानावर आहे की बाहेरगावी, हे निघण्यापूर्वी मुलांकडून पाहून घ्यावे.