पाच दिवसांचा मंडप की दोन तासांची बैठक?

माझा भाचा नोकरीनिमित्त पुण्यात येऊन आता तीन वर्षे होतील. हेडफोनवर ऐकता ऐकता त्याला रागसंगीताची गोडी लागली आणि परवा त्याने विचारले, "मामा, सवाईचे पाचही दिवसांचे तिकीट काढू, की तेवढे पैसे आणि तेवढ्या रजा वर्षभरातल्या छोट्या बैठकांसाठी राखून ठेवू?" त्याने आजवर प्रत्यक्ष मैफल एकदाही ऐकलेली नाही, त्यामुळे उत्तर सोपे नव्हते. पैशांपेक्षा रजांचा प्रश्न मोठा असतो, कारण सवाईचे, म्हणजे पुण्यात दर डिसेंबरात भरणाऱ्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचे, सत्र ऐन कामाच्या दिवशी दुपारीच सुरू होते. त्याला फोनवर जे धड सांगता आले नाही, ते येथे सविस्तर मांडतो. त्याच्यासारख्याच पेचात असलेल्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा.

रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व १९५२ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू झाला. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या या कार्याला त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी अनेक दशके खांदा दिला, आणि २०११ मध्ये ते गेल्यानंतर गुरूच्या नावाला शिष्याचेही नाव जोडले गेले. रमणबागेच्या मैदानावर दीर्घकाळ भरणारा हा महोत्सव आता मुकुंदनगरात महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडांगणावर भरतो. हजारो श्रोते, खुर्च्या आणि भारतीय बैठक अशी दुहेरी व्यवस्था, दोन्ही बाजूंना मोठे पडदे, मागे खाण्याचे आणि पुस्तकांचे स्टॉल, रोज चार-पाच कलाकार आणि प्रत्येकाला साधारण तास-सव्वा तास, असे त्याचे स्वरूप आहे.

बैठकीला असे ठरावीक रूप नाही. कोणाच्या दिवाणखान्यात, कोठे सोसायटीच्या सभागृहात, कोठे संगीत मंडळाच्या मासिक सभेत, तर गोव्यात देवळाच्या सभामंडपात ती होते. मुंबईच्या जुन्या रसिकांकडे गिरगावातल्या लक्ष्मीबागेचा विषय काढून पाहावा. तासभर तरी सुटका होत नाही. श्रोते पन्नास असोत वा दीडशे, कलाकार एकच असतो आणि तो मध्यंतर धरून दोन-अडीच तास गातो.

आता मुख्य फरकाकडे येतो. माझ्या मते तो गर्दीचा नाही, आवाजाचा आहे. मंडपात आपण जे ऐकतो ते गायकाच्या गळ्यातून मायक्रोफोनमध्ये, तेथून ध्वनिसंयोजकाच्या हाताखालून आणि शेवटी कर्ण्यांतून आलेले असते. ध्वनिव्यवस्था कितीही उत्तम असली तरी दहाव्या आणि शंभराव्या रांगेतल्या माणसाला गाणे सारखेच ऐकू यावे हा तिचा हेतू असल्याने गायकाचे हळू आणि मोठे यांतले अंतर तेथे आकसते. गायकाने आवाज पार बारीक करून तार षड्जाला (वरच्या सप्तकातल्या 'सा'ला) नुसता स्पर्श केला, तरी तो स्पर्श पडद्याशेजारच्या कर्ण्यातून भरघोस होऊनच येतो. भरीला, गायकाला स्वतःचा आवाजही समोर ठेवलेल्या मॉनिटरमधून ऐकावा लागतो, आणि त्या मॉनिटरची पातळी मनासारखी मिळेपर्यंत पहिली पाच-दहा मिनिटे "थोडा तानपुरा वाढवा" अशा खुणांतच जातात.

बैठकीत तानपुराच कानांना कामाला लावतो. मागच्या वर्षी एका घरगुती बैठकीत मी गायिकेपासून जेमतेम आठ फुटांवर बसलो होतो. यमन रागाचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल ऐन रंगात आला असताना तिने मान किंचित वळवली आणि मागच्या शिष्येला नजरेने काहीतरी सांगितले. त्या मुलीने तानपुऱ्याच्या घोडीवरचा (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवरचा) रेशमाचा धागा तारेखाली तीळभर सरकवला, मग तारेतला मणी बोटाच्या टोकाने अगदी अलगद खाली ढकलला. एवढ्याने खोलीतला षड्ज मोकळा झाला. जवारी, म्हणजे तारेचा घोडीला स्पर्शून उठणारा गुंजारव, खुलते म्हणजे काय हे मी वीस वर्षे वाचत आलो होतो; त्या क्षणी तारेतून निघणारा गंधार ('ग') माझ्या कानावर स्वतंत्रपणे आला, आणि गायिकेने त्याच गंधारावर पुढचा आलाप सोडला. हाच प्रकार मंडपात घडला असता तर पडद्यावर तो केवळ खोळंबा दिसला असता आणि चार माणसे चहाला उठली असती.

विलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या आसपास चालू शकते. एवढ्या लांबीत समेवरची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरची, नजर टिकवायची तर श्रोत्याला काहीतरी आधार लागतो. बैठकीत तो आधार तबलजीच्या हातांकडे पाहून, शेजारच्या आजोबांच्या मांडीवर पडणाऱ्या बोटांकडे पाहून आणि सगळ्यांच्या माना एकदम खाली येतात त्यावरून आपोआप मिळतो. ताल न समजणारा माणूससुद्धा तासाभरात सम ओळखू लागतो, असे मी निदान तिघांच्या बाबतीत पाहिले आहे. मंडपात शेजारचा माणूस बटाटेवडा खात असण्याचीही शक्यता असते. (या वाक्यात तक्रार नाही, डिसेंबरच्या थंडीतला तो वडा मलाही प्रिय आहे.)

मात्र सगळेच गाणे जवळून ऐकल्याने चांगले लागते असे मुळीच नाही, आणि येथे तुमची आवड निर्णायक ठरते. भीमसेनजींसारखा बुलंद, श्वासाचा प्रचंड आवाका असलेला आवाज मंडपाला पुरून उरत असे. तीन सप्तकांतून फिरणारी त्यांची तान हजारो लोकांच्या एकत्र निघालेल्या उद्गारासह ऐकण्यात वेगळाच थरार होता आणि तो दिवाणखान्यात मावला नसता. ज्यांना तान, तराणा, द्रुत लय, सतार-तबल्याचे सवाल-जवाब भावतात, त्यांच्यासाठी मंडप हीच योग्य जागा आहे, कारण त्या संगीतात श्रोत्यांचा प्रतिसाद हाही मैफलीचा भाग असतो. फिरोज दस्तूर सवाईत गायला बसले की 'गोपाला करुणा' या पदाची फर्माईश होई. ती फर्माईश आणि तिच्या आधीची ती कुजबुज मोठ्या जमावाखेरीज जमणारच नाही.

याउलट ज्यांना जयपूर-अत्रौली घराण्याची गुंतागुंतीची चाल, खोकर किंवा संपूर्ण मालकंस यांसारखे अनवट राग, अथवा आग्रा घराण्याची बोलांशी खेळणारी लयकारी आवडते, त्यांनी बैठक शोधावी. दोन राग गुंफलेल्या जोडरागात गायक एका रागातून दुसऱ्यात नेमक्या कोणत्या स्वरावरून वळतो ते निमिषात घडून जाते, आणि ते टिपायला शांतता लागते. किशोरी आमोणकर सभागृहातल्या जराशाही आवाजाने अस्वस्थ होत, आणि लोक त्याला लहरीपणा म्हणत. मला तो त्यांच्या गाण्याचा सरळ परिणाम वाटतो. ज्या गाण्यात अर्ध्या श्रुतीवर सारा अर्थ टांगलेला आहे, ते गाणारीला खुर्चीचा करकर आवाज हा चुकीचा सूर लागल्यासारखाच ऐकू येणार.

वेळेचा मुद्दा सहसा कोणी सांगत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. वर्षातल्या मोजक्या दिवसांपुरती राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. त्यामुळे पूर्वी रात्रभर चालून पहाटे ललत, भैरव, तोडीपर्यंत पोहोचणारा मंडप आता बहुतेक दिवशी रात्री दहाला मिटतो. पाच दिवसांत तुम्हाला भीमपलासी, मुलतानी, मधुवंती, पूरिया, मारवा, यमन, बागेश्री यांचे निरनिराळे अवतार भेटतील. सकाळचे राग जवळजवळ भेटणार नाहीत. ज्याला तोडी अंगावर घ्यायची आहे त्याने रविवार सकाळची बैठकच गाठली पाहिजे. दिवाळी पहाटेचे कार्यक्रम हा त्यावर तोडगा वाटतो खरा, परंतु तेथे बहुधा नाट्यपदे आणि भावगीतेच अधिक असतात.

बैठकीची बाजू घेतो आहे, तेव्हा तिचे दोषही मला सांगितलेच पाहिजेत. पहिला दोष असा की गायकाचा गळा त्या दिवशी बसलेला असला तर दोन तास तेच ऐकावे लागते. सवाईत निदान पुढचा कलाकार असतो. दुसरा दोष म्हणजे दर्दी मंडळी. प्रत्येक मुरकीवर "क्या बात है" म्हणणारा एक गृहस्थ बहुतेक बैठकांत असतोच आणि त्याची जागा नेमकी तुमच्या मागे असते. तिसरा दोष आयोजनाचा. एका संस्थेच्या सभेत साडेपाचचा कार्यक्रम दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार आणि सत्कारांना उत्तर या क्रमाने पावणेसातला सुरू झाला, आणि मग सभागृह साडेआठला सोडायचे असल्याने मारवा उरकावा लागला. मारवा हा उरकण्याचा राग नव्हे. त्याच सभागृहात वातानुकूलन यंत्राची घरघर अशा एका सुराला लागली होती की तानपुऱ्याशी तिचे अखेरपर्यंत जमले नाही. याखेरीज, बैठकींची खबर तोंडोतोंडी पसरते. तुम्ही त्या वर्तुळात नसाल तर पहिली दोन-तीन आमंत्रणे मिळवणे हेच कष्टाचे असते. आणि जमिनीवर अडीच तास मांडी घालून बसणे ज्यांना जमत नाही, त्यांनी आधीच खुर्ची मागून घ्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

मधला मार्गही आहे. मुंबईत एनसीपीए या कलासंस्थेच्या टाटा थिएटरसारखे, १९८० मध्ये ध्वनिशास्त्राचा कसून विचार करून बांधलेले सभागृह असेल, तर मंडपाची भव्यता आणि बैठकीचा बारकावा यांची तडजोड बरीच साधते. मात्र खुर्च्यांच्या रांगांत बसून दाद द्यायला मराठी माणूस अजूनही जरा संकोचतो, असे माझे निरीक्षण आहे.

घरी ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. अब्दुल करीम खाँ यांच्या पिढीने त्या तीन मिनिटांत रागाचा अर्क काढून ठेवला, आणि तो अर्क आजही पुरतो. पण ध्वनिमुद्रणात गायक चुकत नाही, किंवा चुकलेले आपल्यापर्यंत पोहोचत नाही. प्रत्यक्षात तान फसते, सम अर्ध्या मात्रेने हुकते, गायक हसतो आणि पुढच्या आवर्तनात तीच तान पुन्हा घेऊन नेमकी समेवर उतरवतो. त्या दोन आवर्तनांमधला श्रोत्यांचा रोखलेला श्वास हेडफोनमध्ये सापडत नाही.

नव्या माणसाने आधी महोत्सवाला जावे, कान तयार झाले की बैठकीकडे वळावे, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. मला तो उलटा वाटतो. नवखा माणूस पाच दिवसांत वीसेक कलाकार ऐकतो आणि शेवटी त्याच्या लक्षात तिघांचे कपडे आणि एक तराणा राहतो. महोत्सवाचे खरे बळ तुलनेत आहे: एकाच संध्याकाळी किराणा घराण्याची स्वरानुसारी बढत (रागाचा हळूहळू होणारा विस्तार) आणि लगेच ग्वाल्हेर घराण्याचा आटोपशीर, बंदिशीला धरून चालणारा ख्याल शेजारी शेजारी ऐकायला मिळणे ही चैन आणखी कोठे? पण ती तुलना करता येण्यासाठी आधी एक तरी गाणे जवळून, सावकाश, त्याच्या सगळ्या अडखळण्यांसकट ऐकलेले असावे लागते.

म्हणून भाच्याला मी सांगितले ते असे. या वर्षी पाच दिवसांचे तिकीट काढू नकोस. पुढच्या तीन-चार महिन्यांत निदान तीन बैठका ऐक. त्यातली एक सकाळची असू दे आणि एक वाद्याची, शक्यतो तबल्याच्या एकल वादनाची, म्हणजे ताल आपोआप अंगात भिनेल. सवाईला मात्र या वर्षीही एक दिवस जा, आणि तो शेवटचा दिवस निवड. त्या दिवशी सगळे कलाकार गाऊन झाल्यावर सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावून महोत्सवाची सांगता करण्याची प्रथा आहे. समोरचा मंच तोवर रिकामा झालेला असतो. पाच दिवस ताजे गाणे ऐकलेली माणसे अंगावरची शाल सावरत, अर्धवट उठलेल्या अवस्थेत थबकतात आणि ती खरखरीत तबकडी संपेपर्यंत जागची हलत नाहीत. भाच्याने शेवटच्या दिवसाचे तिकीट काढले आहे. बैठकीचे पहिले आमंत्रण मिळवून देण्याची जबाबदारी अर्थातच माझ्या गळ्यात पडली आहे.