इंजिन बांधून झालेल्या एमजीबीला मीटर कोणते: नळीचे की वायरचे?

जळगाव-धुळ्याकडे एमजीबीचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे, इंजिन पूर्ण बांधून घेतलेल्या माणसाच्या हाती शेवटी थोडेच पैसे उरतात. ते ताकद वाढवण्यावर घालावेत की इंजिनावर नजर ठेवणाऱ्या मीटरांवर, असा प्रश्न त्याला पडतो. माझा कल मीटरांकडे आहे. १७९८ सीसीच्या या इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिलिमीटर आणि बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिलिमीटर आहे; धाव व्यासापेक्षा लांब, म्हणजे ते मुळातच फार वेगाने फिरवायचे इंजिन नाही. शिवाय नवी बेअरिंगे आणि रिंगा पहिल्या ८०० किलोमीटरांत कशा बसतात, ते आधी दिसायला हवे.

तेलाच्या दाबाचा नळीचा मीटर अगदी साधा असतो. इंजिनातले तेल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डमागे येते, मीटरमधली वाकवलेली पोकळ नळी त्या दाबाने सरळ होऊ पाहते आणि तेवढी सुई हलते. त्याला ना वीज लागते ना अर्थ (बॉडीशी जोडणारी विजेची परतीची वाट), आणि वळणावर तेल संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात, एका बाजूला सरकले तर सुई त्याच क्षणी पडलेली दिसते. मात्र गरम तेल केबिनमध्ये आणण्याचा धोका पत्करावा लागतो. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना माझ्या गाडीतली नायलॉनची नळी मॅनिफोल्डला (इंजिनाच्या धुराच्या तापलेल्या नळकांड्याला) टेकून वितळू लागली होती आणि जळक्या तेलाचा वास आला म्हणून मी वेळेवर थांबलो. तेव्हापासून इंजिनाच्या बाजूला स्टीलच्या जाळीचा होज आणि पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट (भोकाची कड झाकणारे कडे) असल्याशिवाय मी हा मीटर कोणालाही सुचवत नाही.

वायरच्या मीटरात तेल इंजिनातच राहते आणि सेंडरपासून (इंजिनावर बसवलेल्या दाब मोजणाऱ्या भागापासून) केबिनपर्यंत फक्त वायर येते, त्यामुळे तो स्वच्छ आणि बसवायला सोपा आहे. त्याचे खोटे बोलणे मात्र पकडणे अवघड असते. मिस्त्रीने सेंडरच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप सढळ हाताने गुंडाळली की अर्थ तुटतो आणि इंजिन ठणठणीत असताना सुई भलतेच दाखवते. नुसत्या लाल दिव्यावर विसंबणे याहून वाईट, कारण तो पेटतो तोवर दाब जवळजवळ संपलेला असतो. गरम इंजिनाला रस्त्यावर दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि मंद गतीवर १० ते २५ पौंड दाब योग्य मानतात. वैशाखात २०डब्ल्यू-५० तेल पातळ झाल्यावर मंद गतीचा आकडा खालच्या टोकाला येणारच, म्हणून एकाच वेगावरचे आकडे रोज वहीत टिपून त्यांची आपसात तुलना करावी. दाबासाठी माझी निवड नळीचीच आहे.

तापमानासाठी दोन्ही प्रकार चालतात. जुन्या स्मिथ्स कंपनीच्या वायरच्या मीटराला १० व्होल्टचा स्टॅबिलायझर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा डबा) लागतो, आणि त्याचा अर्थ सैल झाला की तापमान व पेट्रोल या दोन्ही सुया एकदम वर जातात. पेट्रोल न भरता टाकी भरलेली दिसू लागली, तर रेडिएटर उघडण्याआधी ती वायर तपासावी. एक गोष्ट मात्र दोन्ही प्रकारांना लागू आहे. पाणी गळून गेले आणि सेन्सर कोरडा पडला की सुई खाली येऊ शकते. भुसावळच्या उन्हात केळीच्या ट्रकांमागे रांगेत उभे असताना सुई आपोआप उतरली, तर ती आनंदाची बातमी समजू नये.

खरी द्विधा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरबद्दल आहे; तो धुरातला ऑक्सिजन मोजून हवा-पेट्रोलचे मिश्रण सांगतो. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्यातल्या ऑक्सिजनमुळे मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने इंधन कमी पडते), आणि एमजीबीचा एसयू कार्बोरेटर ते आपणहून सुधारत नाही. पूर्वी मिस्त्री प्लगचा रंग पाहून सांगत असत, पण शिसेविरहित पेट्रोलवर तो रंग तितका स्पष्ट उमटत नाही. त्यामुळे वाइडबँड उपयोगी आहेच, फक्त त्याचा आकडा लॅम्ब्डामध्ये (अचूक मिश्रण म्हणजे १) वाचावा, कारण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग हा आकडा या मिश्रणाला सुमारे १३.५ होतो. १९६७ पर्यंतच्या एमजीबींना पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले) असतो, आणि सर्वसाधारण वाइडबँड कंट्रोलर निगेटिव्ह अर्थ मागतो. अशा गाडीची वायरिंग उलटवण्यापेक्षा सायलेन्सरच्या पुढच्या पाइपला एक नट वेल्ड करून घ्यावा, कोणाचा तरी सेन्सर आणि त्यासाठी वेगळी बॅटरी एका दिवसासाठी मागून आणावी, कार्बोरेटरच्या सुया जुळवाव्यात आणि मग नटावर बूच लावावे.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किटही अर्थ पाहूनच घ्यावा, आणि काढलेली जुन्या इग्निशनची पॉइंटची प्लेट डिकीत ठेवावी, कारण किटचा मॉड्यूल बिघडला तर तो शिरपूर-दोंडाईच्याला कुठे मिळणार? रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा डायनामोच्या (जुन्या पद्धतीच्या जनरेटरच्या) गाडीला मी लावणार नाही. २२ अँपिअरचा डायनामो रात्री दिव्यांनीच थकतो.

मर्यादित पैशात आधी नळीचा दाबाचा मीटर, मग पाण्याचा मीटर, मग वेल्ड केलेला नट, असा माझा क्रम राहील. ताकद वाढवणारे कॅमशाफ्ट आणि मोठे कार्बोरेटर यांचा विचार त्या वहीत एका पूर्ण उन्हाळ्याचे आकडे जमल्यावर करता येईल.