स्टारचा तक्ता की गोलातला तास?

लहान मुलांच्या वर्गात बुलिंग मुळातच होऊ नये म्हणून चांगुलपणा लवकर शिकवायला हवा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं, गाडी अडते ती कसा शिकवायचा यावर. साधारण दोन मार्ग समोर येतात. एक म्हणजे भिंतीवर तक्ता, कुणी कुणाला मदत केली की नावापुढे स्टार. दुसरा म्हणजे आठवड्यातून एक तास सगळ्यांनी गोलात बसायचं, एखादा प्रसंग घ्यायचा, त्यावर बोलायचं, थोडं करून दाखवायचं. मी दोन्ही चालवून बघितलंय, आता एकावरच थांबलोय.

तक्त्याला उगाच नावं ठेवायची नाहीत मला. तो लावला की मुलं त्याच दिवशी कामाला लागतात, पालकांना दिसतं, मुख्याध्यापकांना दिसतं, आणि चांगलं वागायचा सराव काही वाईट नाहीच. २०१२ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शाळांमधला एक प्रयोग छापून आला होता, ९ ते ११ वर्षांच्या मुलांनी चार आठवडे, दर आठवड्याला कुणासाठी तरी तीन चांगल्या गोष्टी करायच्या, बस एवढंच. दुसऱ्या गटाने नुसतं तीन ठिकाणी फिरून यायचं होतं. खूश दोन्ही गट झाले, पण चांगली कामं करणारी मुलं वर्गात जास्त जणांना हवीहवीशी वाटायला लागली. म्हणजे करून बघण्यात दम आहे. माझा प्रश्न आहे तो स्टारचा.

कारण तक्ता लागला की चांगुलपणा माझ्यासमोर व्हायला लागतो. मधली सुट्टी संपली की टेबलाशी रांग, ‘सर मी हिला रबर दिला’, ‘सर मीपण देणार होतो पण त्याने आधी दिला’. एकाने तर शेजारणीची कंपासपेटी कोपराने खाली ढकलली, मग गुडघ्यावर बसून एकेक पेन्सिल प्रेमाने गोळा करून दिली आणि मान वर करून बघितलं कुठे, तर माझ्याकडे. हेही हसण्यावारी नेलं असतं हो, पण वर्गातला सगळ्यात जास्त त्रास देणारा पोरगा तक्त्यावर कायम पहिल्या तिघांत असायचा. मोठी माणसं कधी बघतात आणि कधी नाही हे त्याला बाकीच्यांपेक्षा चांगलं कळतं, आणि बुलिंग नळापाशी, जिन्यात, बाथरूमच्या दाराशी होतं, शिक्षकांच्या टेबलासमोर थोडंच होतं! उलट जी मुलगी काही न बोलता एकट्या पडलेल्या मुलीशेजारी जाऊन बसायची तिच्या नावापुढे जवळजवळ काहीच नाही, कारण ती सांगायलाच यायची नाही. माझं मन तक्त्यावरून उडालं ते इथेच.

वार्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांचा २००८ चा प्रयोगही याच दिशेने बोट दाखवतो. जेमतेम २० महिन्यांची मुलं, मदत केल्यावर काहींना खेळायला वस्तू दिली, काहींना काहीच नाही, आणि नंतर बक्षीस बंद केल्यावर ज्यांना ते मिळालं होतं तीच कमी मदत करायला लागली. आता तान्ही पोरं वेगळी आणि चौथीतली वेगळी, मान्य, पण माझ्या वर्गात तक्ता काढून टाकल्यावर जे दिसलं ते फार वेगळं नव्हतं.

गोलाचंही सगळं गोड आहे असं नाही. तास जातो, सुरुवातीला दोघंतिघंच बोलतात, बाकीचे बूट बघत बसतात, आणि विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं, ‘सगळ्यांशी प्रेमाने वागावं’, आणि तेच पोर दारातून बाहेर पडताना पुढच्याला ढकलतं. शिक्षकाने प्रवचन द्यायचं ठरवलं असेल तर त्यापेक्षा तक्ताच बरा.

पण गोलात एक गोष्ट जमते जी तक्त्यात येतच नाही, ती म्हणजे बघ्यांशी बोलणं. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये मांडलं होतं की बुलिंगमध्ये फक्त दोघं नसतात, साथ देणारे असतात, हसून चढवणारे असतात, बाजूला सरकणारे असतात, पाठीशी उभे राहणारे असतात. तिथला किव्हा नावाचा बुलिंग रोखायचा शाळांमधला कार्यक्रम यावरच उभा आहे, २००९ पासून तो देशभर नेला गेला. कॅनडातल्या मैदानांवरच्या निरीक्षणातही (२००१) मुलं मध्ये पडली तेव्हा ५७ टक्के वेळा छळ १० सेकंदांच्या आत थांबला होता.

म्हणून मी ‘काय करायला हवं’ असं विचारतच नाही. विचारतो, तू नळापाशी उभा आहेस, हे चाललंय, तुझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघेल, उठून म्हणून दाखव. पोरांनी स्वतःच शोधलेलं सगळ्यात चाललेलं वाक्य होतं ‘चल, आपल्याला बोलावलंय’, हात धरायचा आणि घेऊन जायचं. भांडण नाही, धाडस नाही. पुढे एकदा व्हरांड्यात ते कानावर आलं, कुणीही कुणाला बोलावलेलं नव्हतं.

एक पथ्य मात्र पाळा, खरी चालू असलेली केस गोलात कधीच काढायची नाही, नाव न घेताही नाही, पोरांना लगेच कळतं कोण ते. किव्हातही ते काम वेगळं ठेवलंय, ठरलेली मोठी माणसं संबंधित मुलांशी बोलतात आणि वर्गशिक्षक दोनचार वजनदार, मनाने चांगल्या मुलांना सोबत द्यायला सांगतात. आणि दोघांना समोरासमोर उभं करून ‘सॉरी म्हण, हात मिळव’ नको, ते बरोबरीच्या भांडणात ठीक असतं, इथे एकाचं पारडं आधीच जड असतं.

तुमचा वर्ग पहिली-दुसरीचा असेल आणि तक्ता हवाच असेल तर नावं काढून टाका, स्टार टाकायला अख्ख्या वर्गाची एकच बरणी ठेवा आणि स्वतःचं सांगायचं नाही, दुसऱ्याने केलेलंच सांगायचं असा नियम करा, त्याने रांग बरीच कमी होते. तिसरीपासून पुढे मी तरी गोलच घेईन, गणिताचा एखादा तास गेला तरी चालेल. फक्त आठवड्याचा शेवटचा तास त्याला देऊ नका, तेव्हा सगळ्यांचं लक्ष दप्तराकडे असतं.